जिवंत पत्र्यावरची चीर

सकाळचा चहा हातात घेऊन हेमा दुसाने विमानाखाली वाकली आणि तिला ती चीर दिसली. अंटार्क्टिकाच्या त्या तळावर विमानं चाकांवर उतरत नसत. चाकांच्या जागी ॲल्युमिनियमच्या लांबट, पुढून वर वळलेल्या स्की असत. डाव्या स्कीवर, विमानाचा पाय तिला जोडला होता नेमकी तिथे, करंगळीएवढी चीर पडली होती. हेमाने चहाचा घोट घेतला. घाबरण्यासारखं काही नव्हतं, कारण स्की जिवंत पत्र्याची होती.

जिवंत पत्रा हे मेकॅनिक लोकांनीच ठेवलेलं नाव. त्या ॲल्युमिनियमच्या पोटात केसाहून बारीक शिरा असत आणि शिरांत लवकर वितळणारा एक मिश्रधातू. चीर पडली, की वर विजेचं गरम पांघरूण घालायचं. मिश्रधातू पाझरून चिरेत उतरायचा आणि चोवीस तासांत पत्रा पुन्हा एकजीव व्हायचा. हेमा नाशिकला काम शिकली तेव्हा याच कामाचे केवढे कुटाणे असत! लाल रंग पाझरवून चिरेचं टोक शोधायचं, यंत्र लावून खोली मोजायची, टोकाला भोक पाडून चिरेला अडवायचं आणि वर ठिगळ ठोकायचं. आता पत्रा आपली जखम आपणच भरतो म्हटल्यावर खोली कोण मोजत बसतो? आपण मेकॅनिक राहिलो नाही, दुधावर लक्ष ठेवणाऱ्या बायका झालो, असं म्हणून ती सगळ्या तळाला हसवायची.

तिने स्कीवर पांघरूण घातलं, 'सांधणी चालू' अशी अक्षरं त्याला जोडलेल्या छोट्या पेटीवर उमटलेली पाहिली आणि ती न्याहारीला गेली.

न्याहारी अर्ध्यावर असतानाच रेडिओवर निरोप आला. तिची धाकटी बहीण मंजिरी बर्फाचे नमुने काढायला दूरच्या छावणीत गेली होती. कालपासून तिचं पोट दुखत होतं. आज अपेंडिक्स फुटलं असावं, असं तिचा सोबती सांगत होता. डॉक्टर इथे मुख्य तळावर, आणि बर्फावरच्या गाड्यांना तिथे पोचायला तीन दिवस लागत. इथे हे एकच विमान होतं आणि शेजारच्या तळाचं विमान वादळात अडकलं होतं. जादा स्की पुढच्या जहाजाने यायच्या होत्या.

वैमानिक कॅप्टन नेसरीकर जॅकेट चढवतच हँगरमध्ये आले. "ताई, चीर किती खोल हाय? वरवरची असंल तर आत्ता निघतो."

हेमाने पांघरुणाकडे पाहिलं. तिने मोजलीच नव्हती, आणि आता मोजता येणार नव्हती. चिरेत मिश्रधातू भरला होता. यंत्राला तो आणि पत्रा एकच दिसत होते. चीर वरवरची असेल तर स्की तग धरेल. खोल असेल तर उतरताना मोडेल, विमान कोलांटी खाईल आणि त्यात कॅप्टन आणि डॉक्टर दोघंही जातील. जुन्या पद्धतीने भोक पाडावं, तर शिरा फुटून सगळा पत्राच निकामी.

"पांघरूण काढलं तर?" नेसरीकरांनी विचारलं.

"सांधा अर्धवट थिजेल. ते तर आणखी वाईट."

"मग तुमी म्हणाल तसं. मी जायला तयार हाय."

रेडिओवर मंजिरीचा क्षीण आवाज आला. एरवी या मुलीचं तोंड कुणी बंद करू शकत नसे. "तायडे, निघालं का गं विमान?"

"स्कीला चीर पडलीय, मंजू. सांधतेय. उद्या सकाळी..."

"उद्या?" तिने कण्हत विचारलं. "फार दुखतंय गं. पाठव ना. एवढ्याशा चिरेने काय होतंय?"

हेमाला वाटलं, हो म्हणून टाकावं. बहिणीसाठी तिने स्वतःचा जीव तिथल्या तिथे दिला असता. पण जाणार होते ते दुसऱ्यांचे जीव. डॉक्टर परवाच मुलीच्या बारशाचे फोटो सगळ्यांना दाखवत फिरत होते.

"नाही," ती नेसरीकरांना म्हणाली. "सांधा पुरा झाल्याशिवाय नाही."

मग ती रेडिओ घेऊन स्कीपाशीच बसून राहिली. दुपारनंतर मंजिरी तिच्याशी बोलेनाशी झाली. तापामुळे की रागाने, हे हेमाला कळलं नाही, आणि तेच तिला सर्वांत जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीवर 'अखंड' असा शब्द उमटला तेव्हा रेडिओवर मंजिरीचा सोबती 'गेली हो ती' म्हणून रडत होता.

विमान गेलं आणि मंजिरीला घेऊन आलं. दोन्ही वेळा स्की हूं की चूं न करता उतरली.

हेमाने ती स्की काढून घेतली आणि कुणाला न विचारता चिरेच्या जागी करवतीने कापली. जुन्या पत्र्यात ठिगळाखाली चीर तशीच राहायची. कापून पाहिलं की किती खोल होती ते कळायचं. इथे भिंगाखाली एकसारखा, चकचकीत धातू दिसत होता. तिने दुसरा तुकडा कापला, मग तिसरा. कुठेच काही नव्हतं.

"खोलच हुती, ताई," नेसरीकर मागून म्हणाले. "मी बघितली हुती की."

त्यांनी पाहिली नव्हती. ते आले तेव्हा स्कीवर पांघरूण होतं. हेमाला त्यांच्याविषयी माया वाटली आणि रडू कोसळलं.

तेवढ्यात नाशिकहून आईचा फोन लागला. आई रडत नव्हती. रडून रडून तिचा आवाजच बसला होता.

"हेमे, मी तुला काही म्हणत नाही," ती म्हणाली. "एवढंच खरं सांग. ती चीर इतकी मोठी होती का गं?"