नेहमीचे रहिवासी

कल्पिताने बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या ओवेनकडे पाहून ती पहिला प्रश्नच विसरली. तशी ती गोंधळणाऱ्यातली नव्हे. कोपरीच्या जुन्या वस्तीतली माणसं कुठे कुठे पांगली, यावरच्या संशोधनासाठी ती दारोदार फिरून भल्याभल्यांना बोलतं करत होती.

"घरात किती जण?" अखेर तिने विचारलं.

"तीन." ओवेन हसला. "मी, आई, पप्पा."

मागच्या खिडकीशी त्याची आई कोळंबी सोलत होती. कल्पिताकडे पाहून ती ओळखीचं हसलीसुद्धा.

मग काही ना काही विचारायचं राहिलंच! कधी शिक्षण, कधी भाषा... डोंबिवलीहून कल्पिता पुन्हा पुन्हा येत राहिली. लिपस्टिक मात्र संशोधनासाठी नव्हती.

एके दुपारी शेजारच्या शालनमावशींनी तिला गल्लीत अडवलं. "तो पोरगा एकटाच राहतो गं."

ती तडक ओवेनच्या दारात. "खोटं का सांगितलंस?"

त्याची मान खाली गेली. "पप्पा गेले, मग आईपण गेली. एकटा आहे असं बोलायला जीभच वळत नाय... म्हणून सगळ्यांना तीनच सांगतो. सॉरी."

"पण मी आईंना पाहिलं! खिडकीत... कोळंबी सोलताना."

तो पांढराफटक पडला. "कुठच्या हाताने?"

"डाव्या."

ओवेन मटकन पायरीवर बसला. "डावखुरीच होती ती."

कल्पिताच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळावंसं वाटलं, पण त्याला असं सोडून जाववेना. तिने टॅबवर तीनचा एक केला. मग पुढचा प्रश्न विचारला.

"येत्या सहा महिन्यांत... कुठे जायचा विचार?"

"रविवारी. टान्या, माझी बहीण, कॅनडाला बोलवतेय. तिकीट काढलंय."

म्हणजे रिकामं घर. आणि ओवेन पुन्हा दिसणार नाही... तिचे डोळे भरून आले.

आत धाडकन भांडं आदळलं.

"आई चिडली," तो कुजबुजला. "बोलायचं ते सोडून भलतंच बोलतोय ना मी..." त्याने वर पाहिलं. "नाय जात मी. एकाचे दोन कर ना, कल्पिता."

"असं करता येत नाही. सहा महिने राहिल्याशिवाय रहिवासी धरत नाहीत."

"मग राहा... लग्न करून. मला आवडतेस तू."

"मलाही तू... आधी जेवायला तरी बोलाव!" ती रडता रडता हसली.

तेवढ्यात आतून ताटं मांडल्याचा आवाज आला. दोघंही श्वास रोखून ऐकत राहिली. एक... दोन... तीन...

आणि मग, सावकाश, चौथं.