शंभर टक्के एकमत

मुकुल मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो कॉफीच्या मशीनसमोर गुडघे टेकून बसला होता. एक हात मशीनखाली, गाल जवळजवळ लादीला लागलेला. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली पुठ्ठ्याची खोकी बनवणारी कंपनी, तिसरा मजला, आणि सकाळपासून माझ्या पोटात चहाचा थेंब नव्हता.

"दादा, हे सुरू व्हायला किती वेळ लागेल?" मी विचारलं.

त्यानं मान वळवून पाहिलं. डोळे... ते नंतर सांगते.

"वायर गेलीये बहुतेक, ताई," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "बघतो."

दहा मिनिटांनी मी मीटिंगच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले, तर समोरच्या कोपऱ्यात हा. मांडीवर माझ्यासारखाच फॉर्म, हातात मशीनखालून काढलेलं पेन. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

आम्ही दोघंही एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय एकच, कॉलेजं वेगळी. ऑफिसात कुणावर कसा अन्याय होतो आणि तो कुणाच्या लक्षात कसा येत नाही, हे मोजायचा मृणालिनी मॅडमचा प्रकल्प होता. दर बुधवारी कंपनीच्या मीटिंगमध्ये दोन कोपऱ्यांत दोघांनी बसायचं. कोण बोललं, कुणाला मध्येच तोडलं, कल्पना कुणाची होती आणि श्रेय कुणाला मिळालं, हे ज्यानं त्यानं आपापल्या फॉर्मवर लिहायचं. माणसांची नावं लिहायची नाहीत, फक्त खुर्चीचा आकडा. मग दोन्ही फॉर्म जुळवून बघायचे. सरावासाठी आमच्या प्रकल्पाच्या मीटिंगांचाही फॉर्म भरायचा, असा मॅडमचा नियम होता.

"पहिल्याच दिवशी पूर्वग्रह," बाहेर पडल्यावर तो म्हणाला. "माझी नोंद करून टाकू का फॉर्ममध्ये?"

"शर्टाकडे बघ आधी आपल्या."

"काय झालं? निळा आहे."

"निळा नाही तो. मेकॅनिकचा निळा."

"नाव काय तुझं?"

"शीतल."

"हं," तो म्हणाला. "नाव ठेवणाऱ्यांची फसगत झालेली दिसते."

त्या दिवशी आमचे फॉर्म अठ्ठावन्न टक्के जुळले. मॅडम म्हणाल्या, ऐंशीच्या वर जायला हवं, बोला एकमेकांशी. वा, आम्हाला काय, तेच हवं होतं.

माझं घर विक्रोळीला, त्याचं मुलुंडला. मरोळहून आरे कॉलनीतून गोरेगावला जाणारी बस दोघांच्याही घराच्या बरोबर उलट दिशेला जाते. दर बुधवारी आम्ही तीच पकडायचो. फॉर्म जुळवायला निवांत बसता येतं, असं दोघंही म्हणायचो आणि दोघांनाही ते पटायचं. श्रावणातली भुरभुर खिडकीतून आत यायची, गोठ्यांचा आणि ओल्या गवताचा वास यायचा. तो फॉर्म भिजू नयेत म्हणून हात आडवा धरायचा. फॉर्म कोरडे राहायचे, आणि त्याचा भिजलेला हात माझ्या हाताला लागलेला राहायचा. कुणी काढून घ्यायचं नाही.

डोळ्यांचं सांगायचं राहिलं. मी बोलत असताना ते हलत नसत. आमच्या घरात माणूस बोलत असतो आणि ऐकणारा टीव्ही बघत असतो. इतकं नीट ऐकणारं माणूस मला आयुष्यात भेटलं नव्हतं. मी त्याच्या प्रेमात पडले ती यामुळेच, बाकी शर्ट होता तसाच होता.

मीटिंगमध्ये एकमेकांकडे बघायचं नाही असा नियम होता. मी बघत नव्हतेच. तो बघतोय का, एवढंच बघत होते.

सहाव्या बुधवारी बसमध्ये मी त्याला माझा शोध सांगितला. कंपनीत डिस्पॅच बघणाऱ्या वनमालाताई होत्या, बावीस वर्षांच्या अनुभवाच्या. तोंड उघडताना त्या दर वेळी म्हणायच्या, "मला नीट कळत नसेल, पण..."

"तू मोजलंस का?" मी मुकुलला म्हणाले. "त्यांची जी कल्पना अशी सुरू होते, तीच चोरीला जाते. दहा मिनिटांनी कुणीतरी तीच सांगतो, नुसतं ते पुढचं शेपूट कापून. आणि त्या सरळ बोलतात तेव्हा कुणी हात लावत नाही. मी मागचे सगळे फॉर्म तपासले. अकरापैकी नऊ वेळा."

तो बघतच राहिला. "शीतल, हे भारी आहे. फॉर्ममध्ये याला रकानाच नाही."

"तोच तर घालायचाय. मॅडमच्या मीटिंगमध्ये सांगणारे मी."

"सांग. तुलाच घेतील मग."

घेतील म्हणजे काय, तेही सांगते. मॅडमना पुढच्या दोन वर्षांसाठी पीएच.डी.ला एकच विद्यार्थी घेता येणार होता. मुकुलला ती जागा मिळाली नसती तर त्यानं दुसरीकडे अर्ज केला असता, घरचे थांबले असते. माझ्या आईनं मला साफ सांगितलं होतं, "जागा गावली तर शिक गो. नायतर नोकरी धर. बाबांचो गुडघो आता ड्युटीक साथ देणा नाय." तिचं काही चुकत नव्हतं. माझ्या हातात ती एक मीटिंग होती.

ती झाली अंधेरीला, मॅडमच्या ऑफिसात. निवड समितीवरचे देवव्रत सर मुद्दाम आले होते. मी दोन रात्री आरशासमोर बोलून पाहिलं होतं. माझी पाळी आली, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडातून निघालं, "माझं चुकत असेल कदाचित, पण..."

मला स्वतःला ऐकू आलं ते. पुढचं सगळं मी सांगितलं, अकरापैकी नऊसकट. सर फोनवर काहीतरी बघत होते. मॅडमनी "बरं" म्हणून टिपून घेतलं की नुसतं पेन हलवलं, कळलं नाही. चहा आला.

चहा संपता संपता मुकुल म्हणाला, "सर, एक स्पष्ट पॅटर्न दिसतोय. माफीच्या सुरानं मांडलेली कल्पना दुसऱ्याच्या नावावर जाते. अकरापैकी नऊ वेळा. फॉर्ममध्ये नवा रकाना हवा."

देवव्रत सरांनी फोन खाली ठेवला. "हे खरं निरीक्षण," ते म्हणाले. "मॅडम, मला वाटतं आपलं ठरलं."

मी मुकुलकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्याच्याकडे बघत होते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. तो फॉर्मवर लिहीत होता.

मीटिंग संपल्यावर जिन्यात मी त्याच्या हातातून तो फॉर्म ओढून घेतला. माझा शेजारी धरला. शेवटची ओळ दोन्हीकडे सारखी होती. कल्पना: खुर्ची चार. श्रेय: खुर्ची तीन. चार म्हणजे मी, तीन म्हणजे तो. त्यानं काहीच लपवलं नव्हतं. पहिल्यांदाच आमचे फॉर्म शंभर टक्के जुळले होते.

त्याच्या ते लक्षात आलं नसतं तर मी त्याला माफ केलं असतं. माणसाच्या लक्षात येत नाही, हेच तर आम्ही शिकत होतो.

"बघ, मी खोटं लिहिलं नाही," तो हळूच म्हणाला.

"बोलला का नाहीस मग?"

"सर खूश झाले, आणि मग... मध्येच कसं तोडायचं? मी सांगेन ना मॅडमना. उद्या."

"ते दोघं अजून आत बसलेत. आत्ता जा."

"शीतल, आत्ता नको, प्लीज. बरं नाही दिसणार."

कुणाला बरं नाही दिसणार, ते त्यानं सांगितलं नाही. मी थोडा वेळ थांबले. खरं सांगते, तो एक पायरी जरी वर चढला असता तरी मला पुरलं असतं. तो कठड्यावरची धूळ बोटानं पुसत राहिला.

मग मीच गेले. दार ढकलून सरळ म्हणाले, "मॅडम, तो मुद्दा माझा आहे. मीटिंगमध्ये आधी मी सांगितला होता. फॉर्म मी तपासलेत."

देवव्रत सर हसले, चांगलं हसले. "अरे, टीममध्ये असं चालायचंच."

मॅडम हसल्या नाहीत. माझ्या मागे दारात मुकुल येऊन उभा राहिला होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं. "मुकुल, असं आहे का?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर.

तो माझ्याकडे बघून, मग सरांकडे बघून म्हणाला, "म्हणजे... आम्ही बसमधून येता-जाता बोलायचो ना, मॅडम. चर्चेतून आलं ते."

आरेतल्या त्या सगळ्या बुधवारांना माझ्या मनात एक नाव होतं. त्यानं त्याला चर्चा म्हटलं. आणि मला उलटून काही बोलताही येईना, कारण बोललो तर होतोच आम्ही.

मॅडमनी मान डोलावली. "दोघांचंही नाव रिपोर्टमध्ये घालू," त्या म्हणाल्या. जागा एकच होती, आणि ती कुणाची, हे त्यांना पुन्हा सांगावं लागलं नाही.

तो माझ्यामागून रस्त्यापर्यंत आला. पाऊस थांबला होता, फूटपाथवर भाजीवाल्या प्लास्टिक काढून पुन्हा मांडामांड करत होत्या.

"माझ्या तोंडून कसं गेलं कळत नाही," तो म्हणाला. "मी घाबरलो गं. शीतल, ऐक ना. मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. हे आजच सांगायचं नव्हतं मला, पण खरंय ते."

खरंच होतं. त्याचे डोळे हलत नव्हते. किती बुधवार मी या वाक्याची वाट बघत होते, आणि ते आलं ते आज.

"माहितीये," मी म्हणाले. "मलाही तू आवडतोस. अजूनही आवडतोस, हीच तर वाट लागलीये माझी."

तो एक पाऊल पुढे आला. मी हात आडवा धरला.

"हे खरंय, आणि तू वर जे बोललास तेही मी ऐकलंय," मी म्हणाले. "आता घरी जा, मुकुल. मला आईला फोन करायचाय, नोकरी बघते म्हणून सांगायचंय."

तो गेला नाही लगेच. मी नंबर लावला, पाठ फिरवली, आणि आई "काय झाला गो?" म्हणेपर्यंत डोळे पुसून घेतले.