टोपी पलीकडे आलीच नाही

"दीपस्तंभ बघायला जायचं राहू दे. आधी बाबांचं बघू," भिंगरी म्हणाली आणि तिच्या मामेभावाने, ढब्बूने, निमूटपणे खाऊचा डबा बंद केला. सुट्टीचा सगळा बेतच पाण्यात गेला होता.

समुद्राकाठच्या वळणावर भराव खचून मालगाडी कलंडली होती. गाडीवरच्या गार्डकाकांचा पाय मोडला होता. तापातून उठून बाबा त्याच सकाळी कामावर गेले होते, तरी रुळांचा तो पट्टा त्यांच्या गस्तीचा म्हणून सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं. आता नोकरी जाणार होती आणि तिच्याबरोबर रेल्वेची ही खोलीही. बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असत. भिंगरीला ते बघवत नव्हतं.

दोघं वळणावर गेली. ओहोटीने समुद्र पार लांब गेला होता, पण डोंगराच्या बाजूला मात्र पाणी तुडुंब साचलेलं. भिंगरीला हे विचित्र वाटलं. डोंगर आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर रूळ टाकले, तेव्हाच डोंगराचं पाणी जावं म्हणून भरावाच्या पोटात मोरी बांधली होती. गस्तीवर बाबा तिच्यात इकडून काडी टाकत आणि रूळ ओलांडून ती बाहेर येते का बघत. लहानपणी भिंगरीला तो खेळच वाटायचा.

तिने काडी टाकली. काडी जागच्या जागी फिरत राहिली.

रुळांपाशी मोजमाप करणाऱ्या साहेबांना तिने हे सांगितलं, तर ते खेकसले. मोरी चालू आहे, मी जातीने तपासलंय, म्हणाले. बाबा तापाने पडून होते तेव्हा लाटा अडवायला समुद्राच्या बाजूला नवे दगड साहेबांनीच टाकून घेतले होते.

भिंगरीने त्यांनी रुळावर काढून ठेवलेली पिवळी टोपी उचलली आणि सरळ पाण्यात सोडली. ढब्बूची बोबडीच वळली.

"मोरी चालू आहे ना, काका? मग टोपी पलीकडून घ्या."

साहेब तणतणत रूळ ओलांडून गेले. थांबले. टोपी काही आली नाही. समोर नुसता दगडांचा ढीग होता.

"दगड टाकले तेव्हा भरती होती," ते हळूच म्हणाले. "मोरीचं तोंड पाण्याखाली होतं. दगड त्यावरच पडले आणि तुंबलेल्या पाण्याने भराव खचला."

"आणि ओहोटीला कुणी बघितलंच नाही?"

साहेबांनी मजुरांना हाक मारली.

दगड हलवल्यावर पाणी धो धो बाहेर पडलं, पाठोपाठ टोपीही. स्टेशनमास्तरांनी दोघांना शाबासकी दिली, साहेबांनीही भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला. ती बाजूला सरकली.

"मला नको. बाबांना सांगा, चूक त्यांची नव्हती."

साहेब ओली टोपी हातात घेऊन खोलीच्या दारात आले आणि त्यांनी ते सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, सदरा चढवला आणि आधी गार्डकाकांना भेटायला दवाखान्यात गेले.