चुन्याच्या रेघेपलीकडची कडी

“मशीन बंद करा, खाली अंडी आहेत!” ठकी जीव खाऊन ओरडली. पण खोदाईचं मशीन एवढं धडधडत होतं, की ड्रायव्हरला तिचं नुसतं तोंड हललेलं दिसलं. त्याने हसून हात हलवला.

सुट्टीला आत्याकडे आल्यापासून ठकीचा जीव तळ्याजवळच्या त्या मातीच्या उंचवट्यात अडकला होता. कासविणीला तिथे अंडी पुरताना तिने आणि धाकट्या गोटूने डोळ्यांनी पाहिलं होतं. आता पिल्लं बाहेर यायची, तर हे धूड समोर! अंडी हलवावीत, तर उलटीपालटी होऊन आतलं पिल्लू मरायचं.

आणि आत्याच नगरपालिकेत मोजणीदार! तळ्याच्या काठापासून शंभर मीटरपर्यंत वीटही रचायची नाही, हा शहराच्या आराखड्यातला नियम तिनेच भाच्यांना कौतुकाने सांगितला होता. पाण्यापासून शंभर मीटर मोजून चुन्याची रेघही तिनेच मारली होती. उंचवटा त्या रेघेच्या जेमतेम पलीकडे.

ठकीने तिथेच उभ्या असलेल्या आत्याच्या नाकदुऱ्या काढल्या. आत्याचा चेहरा उतरला, पण रेघेबाहेर माझं काही चालत नाही, म्हणाली. बांधकामाचा मुकादम छत्रीखाली खुर्ची टाकून चहा पीत होता. कासवांना दुसरं घर बघायला सांगा, म्हणाला आणि स्वतःच हसला.

ठकी उंचवट्यापाशी रडत बसली. गोटू मात्र खुरपं घेऊन उंचवट्याभोवती दगडांचं कुंपण करत सुटला होता.

“वेड्या, त्याने मशीन थांबणार आहे का?”

“मग काय रडत बसू?” गोटू म्हणाला. तोही रडतच होता.

एवढ्यात खुरपं खणकन वाजलं. वेलींखाली घडीव दगड होता आणि त्यात गंजलेली लोखंडी कडी. म्हैस बांधत असतील, असं गोटूचं मत पडलं. ठकीने भराभर माती उकरली. दगडावर दोर घासून पडलेल्या खाचा होत्या. त्याखाली एक पायरी निघाली, मग दुसरी, आणि तिला शिंपले चिकटलेले!

ठकी धावत जाऊन थेट मशीनपुढे उभी राहिली. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला आणि मशीन बंद पडलं. आत्या रागाने धावत आली.

“आत्या, तू काठ कधी मोजलास?”

“गेल्या महिन्यात. का?”

“म्हणजे तळं आटल्यावर. मग कोरड्या जमिनीवर नाव कोण बांधतं, सांग.”

आत्या गुडघ्यांवर बसली. तिने खाचांवरून बोट फिरवलं, शिंपला नखाने खरवडला. उन्हाळ्यातच बदली होऊन आलेल्या आत्याने हे तळं भरलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

“खरा काठ हा आहे,” ती मुकादमाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “चूक माझी. काम बंद.”

तिने फोन करून वरिष्ठांना बोलावलं, त्यांच्यासमोरही चूक कबूल केली. साहेबांनी दोघा मुलांची पाठ थोपटली आणि जुना घाटही आराखड्यात घ्यायला सांगितलं. टेप पुन्हा कडीपासून ताणली गेली. ती मशीन ओलांडून पार छत्रीच्या मागे पोचली.

आत्याने चुन्याचा डबा ठकीच्या हातात दिला. रेघ मारत मारत ठकी मुकादमापाशी आली आणि थांबली.

“काका, जरा उठता का? कासवांच्या घरात बसलायत तुम्ही.”