मोकळंय, वळ

ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ मी घेणार नाही.

पोरीच्या डोक्यावर हात ठेवून काहीही बोलायची हिंमत आता माझ्यात उरलेली नाही. पण खाली जे लिहिलंय त्यातला एक शब्दही मनाचा नाही. तारीख पक्की आहे. गेल्या वर्षीचा १६ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळचे पावणेसहा.

रात्र नव्हती. दिवस मावळत होता, पण रस्ता नीट दिसत होता. हे आधीच सांगते, कारण सगळे तेच विचारतात.

परभणी-पेडगाव रस्त्याला लागून आमचं छोटं गाव आहे. नाव देत नाही. गावात तसंही माझ्याशी आता कुणी धड बोलत नाही.

ईश्वरी माझी मुलगी. सात वर्षांची, दुसरीत. तिची शाळा पेडगावात. तिचे पप्पा शिवप्रकाश सकाळीच मोटारसायकल घेऊन परभणीला दुकानावर जातात. म्हणून शाळेत नेणं-आणणं माझ्याकडे. माझी कॉलेजातली सायकल होती, तिच्यावर.

जाताना काही प्रश्न नसतो. गावातून निघालं की डावीकडे वळायचं, कडेकडेनं जायचं. भीती असते ती येताना. येताना गाव उजव्या हाताला पडतं. म्हणजे डाव्या कडेवरून सगळा रस्ता आडवा कापायचा. समोरून गाड्या, मागून गाड्या. पूर्वी रस्ता अरुंद होता, गाड्या हळू यायच्या. आता रुंद झालाय. मागून टिप्पर कधी येतो ते कळतसुद्धा नाही.

अशा ठिकाणी सायकलवाल्यानं वळायच्या आधी मान फिरवून मागे बघायला हवं. एवढी साधी गोष्ट.

पण आमच्या गावात त्या वळणावर कुणीही मागे बघत नाही.

कारण रस्त्याच्या डाव्या बाजूला, वळणाच्या बरोबर समोर, गावाची स्मशानभूमी आहे. मयतीहून परतताना मागे वळून बघत नाहीत, हे सगळीकडेच पाळतात. आमच्या गावानं ते त्या वळणालाच लावून टाकलंय. उजवीकडे हँडल फिरवलं की स्मशानाचं फाटक पाठीशी येतं. म्हणून तिथं मान फिरवायची नाही. म्हाताऱ्यांनी नाही, बायकांनी नाही, कुणीच नाही.

लहान लेकरांना मात्र हे लागत नाही म्हणे. लेकराच्या नजरेला काही चिकटत नाही.

म्हणून गावानं यावर उपाय काढला होता. लेकराला कॅरिअरवर उलटं बसवायचं. आपल्या पाठीला त्याची पाठ. ते मागचा रस्ता बघतं आणि वळणाशी आलं की ओरडून सांगतं, "मोकळंय!" मग आपण वळायचं. गाडी असली की "थांब!"

मी एम.ए. केलंय. लग्न होऊन आले तेव्हा मला हे ऐकून हसू आलं होतं. पण सासूबाईंशी रोज कोण वाद घालणार? आणि खरं सांगू... त्या फाटकासमोर मान फिरवायला माझंही मन धजत नव्हतं.

म्हणून मीही माझ्या लेकराला उलटं बसवलं.

दोन वर्षं. रोज.

त्या मंगळवारी ईश्वरीचा घसा बसला होता. थंडी कडाक्याची होती. दोन दिवस तिच्या तोंडून नुसती हवा निघत होती. म्हणून शाळेच्या दारातच मी तिला बजावलं, "आज बोलायचं नाही. रस्ता मोकळा असला की माझ्या पाठीवर दोन थापा मारायच्या. कळलं?"

तिनं मान हलवली.

आम्ही निघालो. स्वेटरमधूनही तिच्या पाठीची ऊब लागत होती.

स्मशानाच्या थोडं अलीकडे रस्त्याच्या कडेला एक खड्डा आहे. तिथं मी सायकल अगदी हळू केली. पाय टेकवत टेकवत खड्डा काढला.

तेव्हा एक क्षण सायकल हलकी झाली...

आणि लगेच पुन्हा जड.

मला वाटलं, पोरगी सावरून बसली असेल.

वळण आलं. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. मागे दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं लावलेली गाणी. तो जाईपर्यंत मी कडेला हळूहळू चालवत राहिले. गाण्यांच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

ट्रॅक्टर गेला. मी थापांची वाट बघत होते.

पाठ मात्र गार लागत होती. ओल्या भिंतीला टेकल्यासारखी...

"मोकळंय!"

खणखणीत आवाज. ईश्वरीचाच.

दोन वर्षांची सवय. हात आपोआप फिरले. मी हँडल उजवीकडे वळवलंसुद्धा. पुढचं चाक रस्त्याच्या मधल्या पट्ट्याकडे निघालं.

आणि मग डोक्यात आलं...

ईश्वरीला आवाज कुठाय?

मी दोन्ही ब्रेक दाबले. पाय घासत थांबले. त्याच क्षणी माझ्या पुढच्या चाकाच्या हातभर पुढून टिप्पर गेला. त्याचा हॉर्न मला तो गेल्यावर ऐकू आला. अंगावर खडी उडाली. ओढणी हँडलला गुंडाळली गेली.

मी एक पाय टेकून तशीच उभी राहिले.

पाठीला पाठ अजून टेकलेली होती.

"ईशू?" मी हाक मारली.



मग मी ते केलं, जे आमच्या गावात कुणी करत नाही.

मी मागे बघितलं.

कॅरिअरवर कुणीच नव्हतं.

आणि लांब मागे, खड्ड्यापाशी, एक पाय बुटात आणि दुसरा बूट हातात घेऊन ईश्वरी उभी होती. तोंड उघडून ओरडत होती. आवाज येत नव्हता.

मी परत कॅरिअरकडे बघितलं. रिकामं. पण मागचं टायर दबलेलं होतं. कुणीतरी बसल्यावर दबतं तसं. माझ्या डोळ्यांदेखत ते सावकाश वर आलं... आणि गोल झालं.

सायकल तिथंच टाकून मी धावले.

पोरीला छातीशी धरलं तेव्हा तिचं अंग तापलेलं होतं. ती माझ्या कानाशी कुजबुजली, "मम्मी, बूट पडला म्हणून मी उतरले. तू थांबलीच नाहीस."

"मला कळलंच नाही गं, राणी."

"मी उतरले आणि लगेच ती बसली."

"कोण ती?"

"तीच. जी रोज वळणावर ओरडते."

"रोज तू ओरडतेस ना?"

"कधी मी. कधी ती आधीच ओरडते. मग मी गप बसते."

"आणि ती बघते का रस्त्याकडे?"

ईश्वरीनं थोडा विचार केला.

"नाही. ती डोळे मिटून म्हणते."

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. माझ्या सासूबाई भागम्मा कपाळाला विभूती लावत होत्या. त्यांचा हात अर्ध्यावर थांबला.

"तू मागं बघितलंस?"

"आत्याबाई, टिप्पर हातभर अंतरावरून..."

"टिप्परचं काय सांगायलीस मला? मागं बघितलंस का न्हाई, तेवढं सांग."

"बघितलं."

त्यांनी विभूतीचं ताट खाली ठेवलं. "शिव शिव शिव! सोळा बुकं शिकली आन् एवढं कळलं न्हाई हिला. आजवर ते तिथं बसून होतं. आता तू त्याला वळख दिलीस."

"आणि इतके दिवस जे ओरडत होतं ते काय होतं मग?"

त्या रात्रभर जपमाळ घेऊन बसल्या.

शिवप्रकाश म्हणाले, "तापात पोरगी काहीबाही बोलायलीय. आणि तू घाबरट. उद्यापासून सायकल बंद, शाळेची व्हॅन लावू."

व्हॅन लावली. मला हायसं वाटलं. पण गावातल्या बाकीच्या लेकरांचं काय?

दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, मी शेजारच्या वैष्णवीकडे गेले. तिची अर्पिता ईश्वरीच्याच वर्गात आहे. वैष्णवीही तिला सायकलवर उलटी बसवून आणायची. मी तिला म्हटलं, "बाई, तिथं लेकराच्या आवाजावर जाऊ नकोस. कडेला उतर, स्वतः दोन्हीकडे बघ, आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांड."

ती खळखळून हसली. "स्मशानाच्या फाटकासमोर उतरू? वहिनी, तुमचं डोकं हाय का जाग्यावर? तुमच्या ईश्वरीला डुलकी लागली आसंल. आमची अर्पिता लय हुशार हाय. मुंगीबी सुटत न्हाई तिच्या नजरंतून."

"मग निदान हँडलला आरसा तरी बसव."

"आरशात तरी काय दिसंल? मागलंच ना? ते बघणंच झालं की!"

मी घरी परतले.

नऊ दिवसांनी, शुक्रवारी, वैष्णवीला त्याच वळणावर पिकअपनं उडवलं.

जीव वाचला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. अर्पिता बाजूच्या गवतात पडली, तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

मी दवाखान्यात भेटायला गेले. अर्पिता कॉटच्या पायाशी बसली होती. सारखं एकच बोलत होती, "मी थांब म्हणले होते. मी लय जोरात थांब म्हणले होते."

वैष्णवीनं माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ कोरडे पडले होते.

"वहिनी," ती म्हणाली, "खोटं बोलायलीय का हो ती? मला तिचाच आवाज आला... मोकळंय म्हणून."

त्या संध्याकाळी तिची सासू, धुरपताबाई, आमच्या दारात आली. अंगणात उभी राहून तिनं सगळी गल्ली गोळा केली.

"ये बाहेर, शिकलेली! इतकी वर्सं झाली, कुणाला काय झालं न्हाई. तूच मागं बघितलंस. तूच त्याला गावात आणलंस. मपल्या सुनंचा पाय गेला, आता कुणाचा नंबर लावलास?"

मी म्हणाले, "मी तर सांगायला आले होते, मावशी."

"सांगायला न्हाई, लावून द्यायला आली व्हतीस!"

बायका माना हलवत होत्या. माझ्या सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी एका शब्दानंही माझी बाजू घेतली नाही.

तेव्हापासून नळावर मी गेले की बायका कळशा उचलून बाजूला होतात. मला राग येतो. दोन वर्षं माझी पोरगी ज्याच्या शेजारी बसून आली त्याला आणलं कुणी? मी, की तुमच्या त्या न बघण्यानं?

पण कधी कधी पहाटे जाग येते आणि वाटतं... खरंच मी बघितलं नसतं तर?

व्हॅनचा ड्रायव्हर भागवत पेडगावचाच आहे. पोरगा चांगला आहे, पण घाईचा. मी पहिल्या दिवसापासून रोज सकाळी त्याला बजावते, "भागवत, वळणावर थांबायचं. आरशात बघायचं. रस्ता मोकळा असल्याशिवाय वळायचं नाही." तो रोज हसतो. "व्हय वहिनी, व्हय."

काल शनिवारी ईश्वरीला उतरवताना तो मला म्हणाला,

"वहिनी, तुमी मोबाइल ठुला का हो पोरीच्या दप्तरात?"

"नाही. का?"

"मग गाडीत बोलता कुठनं?"

मला कळेना. "मी कुठं बोलते?"

"मस्करी करू नका. चार दिवस झाले, वळण आलं की मागनं तुमचा आवाज येतोय. 'मोकळंय भागवत, वळ.' लय बरं पडतंय बघा. मला आरशात बघायचं कामच ऱ्हायलं न्हाई."



मी ईश्वरीकडे बघितलं. ती खाली बघत होती. तिला सगळं माहीत होतं.

"मागं कोण बसतं?" मी भागवतला विचारलं.

"कुणीच न्हाई. मागची सीट मी काढलीय. दप्तरं ठेवायला."

मी त्याला खूप सांगितलं. हात जोडले. तो माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिला. शिवप्रकाशना सांगितलं, तर ते ओरडले, "आता व्हॅनपण बंद करायची? मग शाळा सोडायची का पोरीनं?" या गावातून शाळेला दुसरा रस्ता नाही. त्या वळणावर वळल्याशिवाय घरी येताच येत नाही.

आज रविवार. हे लिहून होईपर्यंत अंधार पडेल.

उद्या संध्याकाळी मी पेडगावला जाणार आहे. येताना व्हॅनमध्ये मागे, दप्तरांत बसणार आहे. मागच्या काचेला डोळा लावून. गाडी दिसली की जिवाच्या आकांतानं "थांब" म्हणून ओरडणार आहे. भागवत ऐकेल. माझा आवाज तो चांगला ओळखतो.

एवढाच प्रश्न आहे.

मी "थांब" म्हणेन, आणि माझ्या शेजारून माझ्याच आवाजात कुणी "मोकळंय" म्हणेल... तेव्हा त्याला त्यातलं कुठलं ऐकू येईल?

व्हॅनमध्ये आठ लेकरं असतात.