बेकरीवाल्याचा पिंजरा

दिवा राहू दे चालू. ही माझ्या दोस्ताची गोष्ट, त्या बेकरीवाल्याची. खोटी निघाली तर उद्यापासून मला मामा म्हणू नका.

अठरा मार्च, मंगळवार. संध्याकाळी तो पिंजरा आणायला बाजारात गेला. बेकरी म्हटली की पीठ आलं, पीठ आलं की उंदीर आले. त्यांचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. पण आदल्या रात्री एकाने त्याच्या पाच महिन्यांच्या लेकीचा अंगठा कुरतडला. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली पोर ती. पाळण्यातली दुपटी रक्ताने भिजली होती.

दहाच्या आत उंदीर सापडला. तपकिरी, शेपटी धरून हातभर. बायको म्हणाली, "अहो, मारायचा तर एका फटक्यात मारा."

हा कुणाचं ऐकतोय! तापलेल्या भट्टीच्या तोंडाशी पिंजरा धरला. एकदम आत नाही घातला. थोडा थोडा. त्याचं ते ओरडणं गल्लीभर ऐकू जात होतं. याच्या हाताला फोड आले, तरी सोडला नाही. मला सांगताना रडला तो. म्हणाला, "मजा वाटली रे मला."

रात्री तो लोखंडी सळई घेऊन पाळण्याशेजारी जमिनीवर बसला. पाठ भिंतीला, पाय पाळण्याखाली पसरलेले. मध्ये डुलकी लागली. सव्वातीनला जाग आली तेव्हा दिवे गेलेले.

आधी जळक्या केसांचा वास आला. मग खरखर. भिंतीच्या कडेकडेने... उंदीर चालतो तशी. पण पावलं जड होती. माणसाच्या वजनाची.

"कोण आहे?"

...

पाळणा हलला.

त्याने सळई हाणली. पुन्हा. पुन्हा. लाकूड फुटलं. मग हाड मोडलं. तो हाणत राहिला. खाली सगळं मऊ लागेपर्यंत.

"अहो... काय करताय?" आतल्या खोलीतून बायको.

दिवे आले. पाळण्याचा चुरा झालेला.

"मामा... आणि बाळ?"

आईच्या कुशीत. त्याला डुलकी लागली तेव्हाच तिने उचलून नेलं होतं. सळईखाली होता तो त्याचा स्वतःचा डावा पाय. घोट्याखाली नुसता लगदा.

"दुखलं नाही त्याला?"

तेव्हा नाही, म्हणतो.

पाय कापावा लागला. दुसऱ्या दिवशी ती खोली मी बघितली. उंदीर रोज एकाच वाटेने भिंतीला घासत जातो, तिथे त्याच्या अंगाच्या तेलाने काळी रेघ उमटते, जमिनीपासून बोटभर वर. तशी रेघ तिथे होती. दारापासून निघालेली. माझ्या छातीइतक्या उंचीवर. खोलीला पूर्ण वळसा घालून ती तो बसला होता तिथवर आली होती, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर थांबली होती.