पुसणीचा कागद

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला फरक पडत नाही.

पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी धाकटी बहीण आहे, आणि मी हे लिहितेय तेव्हा ती आत माझ्याच ओट्यापाशी भांडी पुसतेय. रबरी हातमोजे घालून.

काळोखी रात्र, कुत्र्यांचं रडणं असलं काही यात नाही. हे सगळं ऑफिसात घडलं, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, संध्याकाळी सव्वापाचला. पहिल्यांदा घडलं तो मंगळवार होता.

आधी आमची धाकटी कशी आहे ते सांगते. तिला जन्मापासून किळस. ताटात केस निघाला की ही दोन दिवस उपाशी. दुधावरची साय दिसली की तोंड फिरवणार. मी लहानपणी ती साय बोटावर घेऊन तिच्या मागे धावायचे. एकदा अशीच धावताना मी दार आपटलं आणि तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट फटीत सापडलं. बोटाच्या टोकावर अजून आडवा व्रण आहे, तांदळाच्या दाण्याएवढा.

नवऱ्याशी फाटल्यापासून ती लेकीला घेऊन दोन वर्षं माझ्याच पुढच्या खोलीत राहत होती. मी काही बोलत नव्हते, पण एका खोलीत आम्ही चौघं झोपायचो आणि माझं तोंड काही गोड नाही. तिला स्वतःचं बिऱ्हाड हवं होतं. दोन खोल्या तिने बघूनही ठेवल्या होत्या. नोकरी कायम झाली की जायचं, असं लेकीलाही सांगून ठेवलेलं.

नोकरी लागली ती एका मोठ्या ऑफिसात. तीन महिने परीक्षा, मग कायम. तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला मशीनची खोली. खिडकी नाही. झेरॉक्स मशीन, कागद बारीक करायचा श्रेडर, लांब पात्याचा कटर आणि कोपऱ्यात टेबलभर रुंद लॅमिनेशन मशीन. त्यात दोन गरम रोलर. तक्ते, नकाशे, ओळखपत्रं, सगळं त्यातून प्लास्टिक चढून निघायचं.

शिकवायला होते मास्तर. निवृत्तीला आलेले जुने ऑपरेटर. सगळ्यांना तेच शिकवायचे म्हणून मास्तर. माणूस कडक. केस बांधा. बाह्या दुमडा. गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी आधी काढून खुंटीला लावा. श्रेडरमध्ये कागद घालताना पिना काढा. कागद अडकला तर पहिलं बटण बंद, मग प्लग बाहेर, मग झाकणाला हात. कटरचं पातं खाली करून कडी लावल्याशिवाय पाठ फिरवायची नाही.

आणि लॅमिनेशन मशीनची पुसणी. दिवसभरात रोलरवर गोंद चढतो. तो काढायला, मशीन बंद करण्याआधी जाड कोरा कागद त्यातून घालायचा. कागद गोंद ओढून घेतो. मग दुसरा घालायचा.

"कोरा कागद कोराच बाहेर आला की घरी जायचं," मास्तर म्हणाले. "तोवर नाही."

मग वहीत सही. पुसणीचे कागद मात्र श्रेडरमध्ये घालायचे नाहीत, गोंदाने पाती चिकटून बसतात. ते खोक्यात साठवायचे, महिन्याच्या भंगारात द्यायचे.

धाकटीने सगळं पाठ केलं. हुशारच आहे ती.

एकच गोष्ट तिला खटकली. मशीन जुनाट, पिवळं पडलेलं. पण रोलरच्या पुढचं पारदर्शक झाकण, बोटं आत जाऊ नयेत म्हणून असतं ते, नवंकोरं होतं. चारही स्क्रू चकचकीत. तिने विचारलं तर मास्तर म्हणाले, बदललं. आणि कटर पुसायला लागले. कटर त्यांनी नुकताच पुसला होता.

तिच्या आधी तिथे एक बाई होत्या. त्यांचं काय झालं हे विचारलं की सगळे म्हणायचे, सोडून गेल्या.

खाली दरवाजापाशी बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले असायचे. मांडीवर फाइल. कोणाची वाट बघतात ते कोणी सांगत नव्हतं.

तर तो मंगळवार.

मास्तर दात दाखवायला लवकर गेले होते. धाकटीने पुसणीचा पहिला कागद घातला. तपकिरी गोंदाचे पट्टे आले. दुसऱ्यावर थोडे कमी. तिसरा अर्ध्यात अडखळला...

चट्.

ओला तळवा प्लास्टिकवरून उचलल्यासारखा आवाज झाला.

कागद बाहेर आला. त्यावर ओळीने चार ठिपके होते. नखाएवढे, पिवळसर, पातळ.

तिने एका ठिपक्याला नख लावलं. तो सायीसारखा गोळा होऊन वर आला आणि नखाखाली जाऊन बसला. त्यात बारीक बारीक रेषा होत्या, गोल फिरत गेलेल्या.

मग वास आला. नख जळल्यावर येतो तसा, आणि त्याच्या मागे काहीतरी गोडसर.

तिने सात वेळा हात धुतले. रात्री जेवताना ती चमच्याने भात खात होती. मी म्हटलं, माझ्या हातचं आता चमच्याने खायचं का?  तिने ताट तसंच सरकवलं.

गोंदच असेल, असं तिने स्वतःला समजावलं. गोंद वाळला की बोटांचे ठसे उमटतातच.

पण बुधवारी पुन्हा चट्. या वेळी ठिपके नव्हते, चार रुंद पट्टे होते. मधे आडव्या सुरकुत्या, बोटाच्या पेरावर असतात तशा. गुरुवारी त्याच्या पुढचा तुकडा. शुक्रवारी त्याच्या पुढचा.

रोज बोटभर पुढे.

तिने मास्तरांना कागद दाखवला. "गोंद आहे, बाई," ते म्हणाले. कागदाकडे त्यांनी बघितलंही नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं की मास्तर त्या मशीनला कधी हातच लावत नाहीत. पाच वाजले की त्यांना दुसरीकडे काम निघायचं.

तो थर काढल्याशिवाय कागद कोरा येईना. म्हणजे रोज तो ओढून काढणं आलं. रोलरच्या कडेला चिकटलेली ती साल चिमटीत धरायची, सोलायची. ती कोमट असायची. मऊ. बसमध्ये बाजूच्या बाईने केळं सोललं तरी ही उठून दुसरीकडे जाऊन उभी राहायची. डबा उघडला की झाकणाला तोच वास. लेकीची वेणी घालताना हात थांबायचे. एक दिवस लेक म्हणाली, आई, तुझ्या हाताला घाण वास येतो. त्या रात्री धाकटी मोरीत बसून रडली. मी दाराबाहेर उभी होते.

सोड ती नोकरी, असं मी म्हणाले का? नाही. महिनाच राहिलाय, दम धर, म्हणाले.

पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी खोक्यातून वास फारच यायला लागला. तिने ते टेबलावर उपडं केलं. सालीचे बावीस कागद. कोणत्या दिवशी कोणता, हे तिने कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. तिने ते तारखेप्रमाणे एकाखाली एक लावले...

हात होता.

डावा. बोटांची टोकं, पेरं, तळवा. चौथ्या बोटाभोवती अंगठी असावी तशी कोरी फट. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची फिकट खूण. मग पुढचा हात. त्यावर बारीक लव, सगळी एकाच बाजूला सारवल्यासारखी बसलेली. आणि त्या दिवशीच्या कागदावर, अजून कोमट, कोपराची घडी.

धाकटी कचऱ्याच्या टोपलीत ओकली.

मान वर केली तर दारात मास्तर. ते आत आले आणि स्टुलावर बसले. त्यांना सगळं माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं.

"तेव्हा झाकणच नव्हतं," ते म्हणाले. "तक्ते अडकायचे. दर वेळी झाकण उघडा, थांबा, थंड करा... साहेब म्हणाले काढून टाका. मी काढलं. बोटाने कागद कसा ओढायचा ते तिला मीच शिकवलं. वेळ वाचतो म्हणून."

त्या दिवशी मास्तर डबा खायला गेले होते. श्रेडर चालू होता, दार लावलेलं. त्या आधीच्या बाईंच्या ओरडण्याचा आवाज बोळात आलाच नाही. रोलर उलटे फिरवायचं बटण मशीनच्या दुसऱ्या टोकाला. बाईंचा हात पोचला नाही.

"किती वेळ?" धाकटीने विचारलं.

"पंचवीस मिनिटं."

दहा दिवसांनी दवाखान्यातच बाई वारल्या. त्याच आठवड्यात नवं झाकण बसलं. आणि कागदोपत्री लिहिलं गेलं की झाकण होतं, बाईंनीच ते काढलं. खाली बाकावर बसायचे ते बाईंचे वडील. त्यांना दुसरं काही नको होतं. चूक पोरीची नव्हती, एवढं लिहून हवं होतं. मास्तर मूग गिळून बसले होते. निवृत्तीला चार महिने उरले होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी धाकटीला बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक कायम केल्याचं पत्र. दुसऱ्यावर एकच ओळ. मी कामावर रुजू झाले तेव्हा मशीनवर जुनंच झाकण बसवलेलं होतं. तपासणी व्हायची आहे, साधी औपचारिकता, साहेब म्हणाले. चहाही मागवला.

तिने बाहेर येऊन मला फोन केला. सगळं सांगितलं, मघाशी मी तुम्हाला सांगितलं ते सगळं. 

आणि मी काय म्हणाले, ते आता लिहितेच.

"कर सही. मेलेलं माणूस परत येतं का?"

तिने सही केली.

त्या संध्याकाळी पुसणीचा पहिलाच कागद घातला. आवाज नाही. वास नाही...

कागद कोरा बाहेर आला.

महिन्याभरात पहिल्यांदा. तिने उलटसुलट करून बघितला, उजेडात धरला. पांढराशुभ्र. घरी येताना लेकीसाठी नव्या वह्या आणल्या. रात्री हाताने जेवली. मीही म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या दिवशी सव्वापाच. कोरा कागद आत गेला, अर्ध्यात अडखळला...

चट्.

चार ठिपके. नखाएवढे.

पण करंगळीचा लहान ठिपका या वेळी दुसऱ्या टोकाला होता. उजवा हात. आणि मधल्या बोटाच्या ठिपक्यावर आडवी रेघ, तांदळाच्या दाण्याएवढी.

तिने स्वतःचं बोट शेजारी ठेवून बघितलं. मग बटण बंद केलं. प्लग काढला. मशीन थंड होईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली, त्यावर कापड घातलं. शिकवलेलं एकही सोडलं नाही. मग खोकं उचललं आणि निघाली.

सकाळी मला न विचारता ती तपासणीच्या कचेरीत गेली. तिथल्या अधिकारी बाईंच्या टेबलावर खोकं ठेवलं.

"परवाची सही माझी आहे," ती म्हणाली, "आणि ती खोटी आहे."

बाईंनी खोकं उघडलं. कागद काढले, एकेक करून.

सगळे कोरे. बावीस अधिक एक. पेन्सिलीच्या तारखा तेवढ्या होत्या.

धाकटीने ते उलटून पालटून बघितले. वेडी ठरणार आता, असं तिला वाटलं. पण अधिकारी बाईंनी पदर नाकाला लावला होता आणि शिपायाला खिडकी उघडायला सांगत होत्या. मग त्यांनी लेखणी घेतली आणि म्हणाल्या, स्क्रू नवे होते म्हणता ना, तिथून सांगा. मास्तरांना बोलावणं गेलं. ते आले, आणि या खेपेला बोलले. जुनं झाकण काढून माळ्यावर टाकलं होतं, तेही त्यांनीच दाखवलं.

आधीच्या बाईंच्या वडिलांना लिहून मिळालं. ते बाकावर दिसत नाहीत आता.

धाकटीची नोकरी अर्थातच गेली. त्या दोन खोल्या दुसऱ्या कोणी घेतल्या. ती माझ्याच पुढच्या खोलीत आहे, काम शोधतेय. हात मात्र स्वच्छ आहेत तिचे. लेकीने वास घेऊन सांगितलं. हातमोजे फक्त सवयीचे.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण गेल्या मंगळवारी, सव्वापाचच्या सुमाराला, मी ओट्यावर चहा टाकत होते. फोन धरते तो हात, उजवा, ओट्याला टेकला होता. उचलायला गेले...

चट्.

तळव्याची पातळ साल ओट्यावर राहिली. कोमट. दुखलं काहीच नाही.

मी त्या मशीनला आयुष्यात हात लावलेला नाही. ते ऑफिसही बघितलेलं नाही.

तेव्हापासून रोज निघते. सव्वापाच झाले की मी मोरीत जाते, सोलते, दोन तांबे पाणी ओतते आणि साबण लावत बसते. काल मनगटापर्यंत आली होती.

धाकटीला अजून सांगितलेलं नाही. आज मात्र जेवताना तिने माझ्याकडे बघितलं, आणि उठून मला चमचा आणून दिला.